गोंधळ की पळ? : अडगावच्या लढाईची दोन पत्रे

असई, अडगाव, गाविलगड, देवगाव, सुर्जी अंजनगाव. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा दक्षिणेतला भाग आपल्या पाठ्यपुस्तकांत या पाच नावांत आटोपतो. त्यांतले असई तेवढे मराठवाड्यातले. उरलेली चारही ठिकाणे वऱ्हाडातली, आणि त्यांपैकी अडगाव आमच्या तेल्हारा तालुक्यातले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी या गावापुढच्या रानात नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजा एका बाजूला आणि मेजर जनरल आर्थर वेलस्लीची फौज दुसऱ्या बाजूला उभी राहिली. पुढे हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनशी लढला, इंग्लंडचा पंतप्रधान झाला. अडगावचे नाव जगाच्या इतिहासात टिकले ते मुख्यतः त्याच्या चरित्राचे एक पान म्हणून, आणि तेही 'आरगॉम' अशा वेशात.

या लढाईची हकीकत नव्याने सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ती कशी लिहिली गेली, हे मला पाहायचे आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला एक कसोटी घालून दिली : मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा घटनेच्या वेळी लिहिलेला अस्सल कागद श्रेष्ठ. ही कसोटी महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनाचा कणा आहे आणि ती मोडावी असे मी म्हणणार नाही. पण अडगावच्या बाबतीत एक पेच पडतो. एकाच माणसाने, एकाच आठवड्यात, एकाच प्रसंगाविषयी लिहिलेली दोन पत्रे आपल्यापुढे आहेत. दोन्ही अस्सल आहेत, आणि ती एकच गोष्ट सांगत नाहीत. अशा वेळी कागद अस्सल आहे एवढ्यावर थांबता येत नाही. तो कोणासाठी लिहिला, हेही विचारावे लागते.

डब्लिनचे दोन पुत्र

आधी पत्रलेखकाविषयी. आर्थर वेलस्लीचा जन्म १७६९ चा, आयर्लंडमधला. बाप अर्ल ऑफ मॉर्निंग्टन. घराणे आयर्लंडात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, पण प्रॉटेस्टंट जमीनदारांचे, म्हणजे राज्यकर्त्या वर्गातले. त्याच्या भोवतालची बहुसंख्य आयरिश रयत कॅथलिक होती आणि स्वतःच्याच देशात कायद्याने दुय्यम होती. आर्थर १७८७ साली सैन्यात शिरला, डब्लिनमध्ये व्हाइसरॉयच्या पदरी राहिला, आयरिश पार्लमेंटात ट्रिम गावातून निवडून गेला. १७९७ साली तो हिंदुस्थानात आला. पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास उतरला. श्रीरंगपट्टण, धोंडजी वाघाचा पाठलाग, दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीवर परत बसवणे, अहमदनगरचा किल्ला घेणे, ही सगळी कामे करून १८०३ च्या शरदात तो असईला पोहोचला.

'गोठ्यात जन्मला म्हणून कोणी घोडा होत नाही' अशा अर्थाचे एक वाक्य वेलिंग्टनच्या तोंडी घातले जाते आणि त्याने आपले आयरिशपण कसे झिडकारले याचा पुरावा म्हणून ते आजही सांगितले जाते. वस्तुतः हा टोमणा आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनेल याने त्याला मारलेला आहे. बोलणारा आणि ज्याच्याविषयी बोलले तो, यांची अदलाबदल झाली आणि ती रूढ झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे उदाहरण लहान असले तरी उपयोगी आहे. कोण, कोणाविषयी, कोणापुढे बोलला हे सुटले की वाक्य तेच राहते आणि अर्थ फिरतो.

त्याच वर्षी डब्लिनमध्ये काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. १७९८ चा आयरिश उठाव मोडला गेला होता. १८०१ पासून आयर्लंडचे स्वतंत्र पार्लमेंटही संपले होते. २३ जुलै १८०३ रोजी रॉबर्ट एमेट या तरुणाने डब्लिनमध्ये पुन्हा उठाव केला. तोही फसला. २० सप्टेंबरला एमेटला फाशी दिली गेली. असईची लढाई २३ सप्टेंबरची. म्हणजे एकाच आठवड्यात एक आयरिश माणूस इंग्रज सत्तेविरुद्ध उठल्याबद्दल डब्लिनमध्ये फासावर गेला आणि दुसरा आयरिश माणूस त्याच सत्तेसाठी अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे मराठ्यांशी लढला. आपला देश जगातल्या राष्ट्रांच्या पंक्तीत बसेपर्यंत माझ्या थडग्यावर काही कोरू नका, अशी एमेटची अखेरची मागणी होती. दुसऱ्याच्या वाट्याला मात्र इतकी स्मारके आली, की त्यांचीच एक यादी करावी लागेल.

वऱ्हाडच्या वाचकाला आयर्लंड परके नाही. १९१६ साली टिळकांनी 'होमरूल' हा शब्द उचलला तो आयर्लंडच्या चळवळीतूनच, आणि त्या चळवळीत अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आघाडीवर होते. ते आयर्लंड एमेटच्या वारशाचे. अडगावला आलेले आयर्लंड त्याच्या विरुद्ध टोकाचे. एका बेटाची ही दोन्ही रूपे वऱ्हाडात शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंतराने येऊन गेली.

पाथर्डीचा बुरूज

आता पहिले पत्र. लढाईच्या दुसऱ्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, वेलस्लीने पाथर्डीच्या छावणीतून गव्हर्नर जनरलला अधिकृत खलिता पाठवला. इंग्रजी छापील प्रतींत गावाचे नाव 'पॅटर्ली' किंवा 'पार्टर्ली' असे पडले आहे. सिरसोलीचे 'सरसूली' झाले आहे. आपल्या माणसाने नकाशा शेजारी ठेवून वाचले, तरच ही गावे ओळखू येतात.

खलित्याची सुरुवात कायदेशीर बाजूने होते, आणि ते साहजिक आहे. सहाच दिवस आधी, २३ नोव्हेंबरला, शिंद्यांच्या वकिलांशी युद्धतहकुबीचा करार झाला होता. शिंद्यांनी आपली फौज एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, पूर्वेला वीस कोस न्यावी अशी त्यात अट होती. फौज हलली नाही. भोसल्यांशी तर तहकुबी झालेलीच नव्हती. शिंद्यांचे वकील छावणीतच होते. हल्ला करू नका म्हणून ते विनवीत होते. वेलस्ली त्यांना उत्तर देत राहिला की अट पाळली जाईपर्यंत करार लागू नाही आणि शत्रू दिसेल तेथे मी लढेन. हा भाग खलित्यात विस्ताराने येतो, कारण कलकत्त्यात आणि लंडनमध्ये पहिला प्रश्न हाच निघणार होता. वाचणाऱ्याची शंका लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, हे या मांडणीवरून कळते.

मग लढाई. त्या दिवशी ऊन कडक होते, फौज लांबची मजल मारून कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला पाथर्डीपाशी येऊन मिळाली होती. थकलेल्या माणसांना आज पुढे न्यायचे नाही, असे वेलस्लीने ठरवले होते. पण गावातल्या एका बुरुजावरून त्याला सिरसोलीपलीकडे, अडगावच्या बाजूला, माणसांचा एक अस्पष्ट जमाव दिसला. हा बुरूज वऱ्हाडातल्या गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या गढ्यांपैकी एखाद्या गढीचा असावा, असे मी मानतो. या सपाट मुलखात लांबवर पाहायचे तर गढीशिवाय दुसरी उंच जागा नसे. दुपारी शत्रूच्या घोडदळाशी चकमकी वाढल्या, वेलस्ली पुढे गेला, आणि मराठ्यांची सगळी फौज लढाईच्या तयारीने उभी असल्याचे त्याला दिसले. ओळीची लांबी सुमारे पाच मैल, पाठीशी अडगाव आणि त्याचे विस्तीर्ण मळे व कुंपणे. भोसल्यांच्या पायदळाचे व तोफखान्याचे नेतृत्व राजाचा भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू याच्याकडे होते. उजव्या अंगाला शिंद्यांचे घोडदळ आणि पेंढारी होते.

'मळे आणि कुंपणे' हे शब्द खलित्यात सहज येऊन जातात. इंग्रज वाचकाला ते केवळ लष्करी अडथळे. पण आम्हाला त्यातून गाव दिसते. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा विहिरींच्या गोड पाण्याचा आणि बागायतीचा. दक्षिणेला उतरले की खारपाण सुरू होते. पानमळे आणि पानपिंपरी ही या पट्ट्याची जुनी ओळख. नोव्हेंबरच्या अखेरीस रानात ज्वारी कापणीला आलेली असते. खलिता ज्या मैदानाविषयी बोलतो ते कोणाच्या तरी वर्षाचे पीक होते, ही गोष्ट त्यात येत नाही. खलित्याकडून ती अपेक्षाही नाही. पण आपल्या इतिहासात तरी ती यायला हवी होती, कारण १८०३-०४ चा दुष्काळ याच फौजांच्या मागोमाग आला.

यानंतर या लेखाचा ज्याच्यावर भर आहे ते वाक्य येते. वेलस्ली सांगतो की रांगा मांडायला काही वेळ गेला, कारण सर्वांत पुढे असलेल्या माझ्या पायदळाचा काही भाग थोडा गोंधळात पडला. एवढेच. लगेच पुढच्या वाक्यात रांगा मांडून झालेल्या आहेत आणि फौज शिस्तीत चाल करते आहे. फारशी म्हणवल्या गेलेल्या सुमारे पाचशे पायदळाने ७४ व्या आणि ७८ व्या या दोन स्कॉटिश पलटणींवर हल्ला केला आणि ते सगळे तेथेच संपले. शिंद्यांच्या घोडदळाचा एक हल्लाही परतवला गेला. मग मराठ्यांची ओळ मागे फिरली आणि ३८ तोफा रानात सोडून गेली. घोडदळाने चांदण्यात कित्येक मैल पाठलाग केला. मनात होते ते सगळे करायला पुरेसा उजेड उरला नाही, अशा अर्थाची हळहळ व्यक्त करून खलिता संपत येतो.

दुसरे पत्र

दोन दिवसांनी, २ डिसेंबरला, अकोटच्या छावणीतून वेलस्लीने मेजर शॉ याला पत्र लिहिले. शॉ हा गव्हर्नर जनरलचा खासगी चिटणीस. म्हणजे दोन्ही पत्रे एकाच घरात जाणार होती. पहिले दिवाणखान्यात मोठ्याने वाचायचे, दुसरे आतल्या खोलीत.

या दुसऱ्या पत्रात 'गोंधळ' नाही. येथे वेलस्ली विचारतो की असईला इतक्या उत्तम लढलेल्या जवळजवळ तीन पलटणी तोफा सुरू होताच फुटून पळत सुटल्या, याला तुम्ही काय म्हणाल? शिवाय अडगावचा तोफांचा मारा असईच्या पासंगालाही पुरण्यासारखा नव्हता. सुदैवाने मी जवळच होतो, म्हणून त्यांना परत आणून लढाई सावरता आली. मी तेथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, याविषयी त्याला शंका नाही. त्यांना पुन्हा मांडण्यात इतका वेळ गेला की पुढचे काम पुरे करायला उजेड उरला नाही.

एका पत्रातला गोंधळ दुसऱ्यात पळ होतो, आणि त्याबरोबर पहिल्या पत्रातल्या दुसऱ्याही एका वाक्याचा अर्थ बदलतो. 'पुरेसा उजेड उरला नाही' ही खलित्यातली हळहळ दैवाला उद्देशून वाटते. सूर्य लवकर मावळला, त्याला कोण काय करणार? पण तो वेळ कोठे गेला हे खासगी पत्र सांगते. सूर्याने तो नेला नव्हता. सिरसोलीच्या बाजूला पळणाऱ्या तीन पलटणींना परत फिरवण्यात तो खर्ची पडला होता. मराठी गोलंदाजांनी पहिल्या काही घटकांत जे मिळवले, ते असे चांदण्याच्या वर्णनात विरून गेले. ती रात्र पौर्णिमेच्या लगतची होती, हे गणिताने काढता येते. चांदणे खरेच होते. पण त्याची गरज का पडली, हे चांदण्याच्या वर्णनात सापडत नाही.

यावर कोणी चटकन म्हणेल, की मग खासगी पत्र खरे आणि अधिकृत खलिता खोटा. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. खासगी पत्रालाही वाचणारा आहे आणि त्या वाचणाऱ्यापुढे लिहिणाऱ्याला काही मिळवायचे आहे. 'मी नसतो तर' हे विधान दरबारातल्या आपल्या माणसापर्यंत पोहोचवण्यात वेलस्लीचे हित होतेच. ज्या खलित्याने पलटणींची लाज झाकली, त्याच खलित्याने सेनापतीचा पराक्रमही झाकला होता. झाकलेला पराक्रम योग्य कानी घालायला दुसरे पत्र लागले. उलट बाजूने पाहिले तर खलित्यातले मौन हे केवळ लपवणे नव्हते. मद्रासच्या या शिपायांनी दोनच महिन्यांपूर्वी असईला नाव कमावले होते. त्यांची नाचक्की गॅझेटात छापून काय साधणार होते? त्यांच्याकडून गाविलगडाचे काम अजून करून घ्यायचे होते. मौनात हिशेब होता, आणि थोडी माणुसकीही असू शकते.

म्हणून मला असे वाटते की एक पत्र दुसऱ्याला खोडत नाही. प्रत्येक पत्र आपल्या वाचकाला पेलेल, रुचेल आणि लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल एवढेच सांगते. सत्य दोन्हींच्या मधल्या फटीत आहे, आणि ती फट दिसायला दोन्ही पत्रे शेजारी शेजारी ठेवावी लागतात. केवळ खलित्यावर विसंबून लिहिलेला अडगावचा वृत्तान्त नेहमी असईच्या शेपटासारखा दिसतो : जिंकणे ठरलेलेच होते, फक्त दिवस मावळला. दोन्ही पत्रे वाचली की ही लढाई तासभर तरी कोणत्याही बाजूला झुकू शकत होती, हे कळते.

तिसरा साक्षीदार

सुदैवाने आणखी एक साक्ष आहे. मद्रास फौजेतला जॉन ब्लॅकिस्टन हा इंजिनियर अधिकारी या मोहिमेत होता. त्याच्या आठवणी १८२९ साली लंडनला छापल्या गेल्या. शिपाई फिरले तेव्हा सेनापतीने काय केले, ते तो बारकाईने सांगतो. वेलस्ली आधी पायीच त्यांच्यापुढे गेला. उपयोग होत नाही असे पाहून घोड्यावर बसला आणि पळणाऱ्यांच्या जवळ गेला. तेथे तो ओरडला नाही, कोणाची निर्भर्त्सना केली नाही. अधिकाऱ्यांना शांतपणे सांगितले की माणसांना गावाच्या आडोशाला न्या आणि तेथे पुन्हा मांडा. मांडून झाल्यावर एकेक पलटण पुन्हा बाहेर आणून जागेवर उभी केली.

ब्लॅकिस्टनची ही साक्ष अस्सल कागदाच्या व्याख्येत बसत नाही. ती घटनेनंतर पंचवीस वर्षांनी, वेलिंग्टन पंतप्रधानपदावर असताना छापली गेली, तेव्हा तिच्यात कौतुकाची भर असणे शक्य आहे. तरीही दोन्ही पत्रांत नसलेली एक गोष्ट तिच्यात आहे : पळालेल्या माणसांना परत कसे आणले ती रीत. आणि तीत आडोसा दिला तो गावाने. लढाई सावरली गेली ती एका मराठी गावाच्या भिंतींआड, हे सेनापतीने दोन्ही पत्रांत सांगितले नाही. त्याला ते सांगण्याजोगे वाटले नसावे.

येथे आपल्याच परंपरेतली एक गोष्ट आठवते. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यावर नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने १८६७ च्या सुमारास मराठीत टीका लिहिली. साहेबाचा ग्रंथ आधाराला धरून त्याच्याच आधारांची तपासणी करण्याचा धडा मराठीला तेव्हापासून मिळालेला आहे. वऱ्हाडपुरते पाहिले तर या. मा. काळे यांनी 'वऱ्हाडचा इतिहास' लिहून या प्रांताला स्वतःचे पुस्तक दिले. ही वाट तयार असताना अडगावसाठी आपण एका खलित्यावर समाधान मानण्याचे कारण नाही.

मेलेल्यांची मोजदाद

लढाईच्या कागदांत सर्वांत नेमका भाग असतो तो मेलेल्यांच्या आकड्यांचा. अडगावला इंग्रजांकडचे ४६ ठार, ३०८ जखमी आणि ७ बेपत्ता. एकूण ३६१. असईला हाच आकडा दीड हजारांवर होता. ४६ हा आकडा लहान आहे म्हणून इतिहासकारांनी अडगावला लहान लढाई ठरवले. पण हा आकडा एकाच बाजूचा. दुसऱ्या बाजूसाठी खलित्यात आकडा नाही. तेथे फक्त 'पुष्कळ' आहे. तोफा मात्र ३८, नेमक्या मोजलेल्या. ज्याचा उपयोग आहे ते मोजले जाते. तोफ पुन्हा वापरता येते, मेलेला गोलंदाज वापरता येत नाही.

आकड्यांच्या पलीकडे नावे. यादीत नाव येते ते अधिकाऱ्याचे. गोरा शिपाई आकड्यात जातो, काळा शिपाई वेगळ्या रकान्याच्या आकड्यात. पंधरा दिवसांनी, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला तेव्हाही हेच. खिंडारावरच्या हल्ल्याचा पुढारी लेफ्टनंट कर्नल केनी जखमी होऊन मेला. त्याचे नाव उरले. शिवाय त्याच्या वाट्याला एक चांगला चरित्रकारही आला. वेलस्लीबरोबर राजकीय कामासाठी असलेला चोवीस वर्षांचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्याच्या नावाचे कॉलेज मुंबईत आहे तोच, केवळ पाहण्याच्या हौसेने केनीची परवानगी मागून हल्ल्याच्या तुकडीत गेला. मित्रांना लिहिलेल्या पत्रांत त्याने केनी कसा बोलला, कसा गप्प झाला हे टिपून ठेवले. किल्लेदार बेनीसिंग दरवाजापाशी प्रेतांच्या राशीत सापडला. त्याचेही नाव राहिले, कारण तो किल्लेदार होता. त्या राशीतल्या बाकीच्यांना नाव नाही.

अडगावला चालून आलेल्या त्या पाचशे माणसांचेही असेच. खलिता त्यांना फारशी म्हणतो. नागपूरच्या फौजेत तेव्हा अरबांचा भरणा मोठा होता, आणि काही वृत्तान्त त्यांना अरबच म्हणतात. पराभूत फौजेतल्या सर्वांत शूर तुकडीचा मुलूख कोणता, हेसुद्धा जिंकणाऱ्याने नीट विचारले नाही. त्यांना मारले त्या पलटणी स्कॉटलंडच्या. त्यांना चालवणारा आयर्लंडचा. पळाले ते तमिळ-तेलुगू मुलखातले. मरणारे अरब, फारशी किंवा वऱ्हाडी. आणि हे सगळे ज्वारीच्या रानात. गावकऱ्याचा उल्लेख कोणत्याच रकान्यात नाही.

तहाच्या कागदात मात्र अडगावचे नाव पुन्हा येते. १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांशी तह झाला. कटक गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. पण नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले व त्यांच्या लगतचे अकोट, अडगाव वगैरे चार लाखांचे परगणे भोसल्यांकडेच राहिले. ते निजामाकडे गेले १८२२ साली. म्हणजे ज्या गावापुढे भोसले हरले, ते गाव हरल्यानंतरही एकोणीस वर्षे भोसल्यांचेच होते. खलिता वाचून ही गोष्ट कोणाच्या मनातही येणार नाही. खलित्यात गाव संपते तेव्हा लढाई संपते. वसुलीच्या कागदात गाव चालूच राहते.

एका सेनापतीचे मरण

आर्थर वेलस्ली रणांगणावर मेला नाही. १४ सप्टेंबर १८५२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशिव्या वर्षी, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या वॉल्मर किल्ल्यात त्याला मरण आले. १८ नोव्हेंबरला लंडनच्या सेंट पॉल कथीड्रलमध्ये दफन झाले. त्याची शवपेटी ज्या अवजड गाड्यावरून नेली, तो वॉटर्लूला जिंकलेल्या तोफांच्या काशाचा ओतला होता.

त्याच्या आधी वर्षभर, १८५१ साली, कंपनीने एक उशिराचे पदक काढले : १८०३ ते १८२६ या काळातल्या हिंदुस्थानातल्या लढायांसाठी. नियम असा की ज्या सैनिकाला पदक हवे तो तेव्हा जिवंत असला पाहिजे. अडगावनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी! पदकाच्या फितीवरच्या चांदीच्या पट्टीवर 'आरगॉम' असे कोरले जाई. वेलिंग्टनला स्वतःला असई, अडगाव आणि गाविलगड अशा तीन पट्ट्यांचे पदक मिळाले. पळालेल्या आणि परत फिरलेल्या त्या तीन पलटणींतला एखादा म्हातारा शिपाई तोवर जगला असेल, तर त्यालाही तीच पट्टी मिळण्याचा हक्क होता. या एका बाबतीत सेनापती आणि शिपाई एका रांगेत आले, पण त्यासाठी शिपायाला अर्धशतक जगावे लागले असते.

डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये वेलिंग्टनचा प्रचंड दगडी स्तंभ आहे. त्याची पायाभरणी १८१७ ची, पूर्तता १८६१ ची. त्याच्या पायाशी काशाचे शिल्पपट आहेत : एक वॉटर्लूचा, एक कॅथलिकांना मिळालेल्या नागरी हक्कांचा आणि एक हिंदुस्थानातल्या युद्धांचा. कॅथलिकांच्या हक्काचा कायदा १८२९ साली त्यानेच पंतप्रधान म्हणून संमत करवून घेतला, तोही नाराजीने, आयर्लंडात यादवी नको म्हणून. ज्या शहरात एमेटचे थडगे नेमके कोठे आहे हे कोणाला ठाऊक नाही, त्या शहरात असई-अडगावचा शिल्पपट उभा आहे. स्वतंत्र आयर्लंडने तो पाडला नाही. तो राहू दिला, आणि एमेटही विसरला नाही. दोन्ही आठवणी एकाच शहरात नांदवणे सोपे नसावे. आपल्यालाही तेच करायचे आहे.

कारण वेलस्लीला खलनायक ठरवून अडगावचा प्रश्न सुटत नाही, आणि महान सेनापती म्हणून मान तुकवूनही सुटत नाही. त्याची दोन पत्रे आपल्याकडे आहेत, हा आपला लाभच आहे. खासगीत तो बऱ्याच अंशी खरे बोलला, आणि ते पत्र टिकले. आपल्या बाजूने तसे पत्र आपल्याला हवे आहे : मन्याबापूच्या छावणीतले, सिरसोलीच्या पाटलाच्या दप्तरातले, अकोट परगण्याच्या त्या वर्षीच्या वसुलीच्या हिशेबातले. वसूल किती बुडाला, पीक कोणाचे तुडवले गेले, सूट कोणाला मिळाली, हे आकडे पराक्रमाच्या भाषेत बोलत नाहीत, म्हणून त्यांच्यावर अधिक विश्वास ठेवता येतो. तेही अर्थात कोणाला तरी उद्देशूनच लिहिलेले असणार. सूट मागणारा पाटील नुकसान फुगवून सांगतो, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून तेही एकटे वाचून चालणार नाही. खलित्याशेजारी खासगी पत्र ठेवले, तसे त्या दोघांशेजारी वसुलीची वही ठेवली पाहिजे. तोपर्यंत अडगावच्या लढाईविषयी आपण जे वाक्य लिहू, त्यात 'गोंधळ' आणि 'पळ' हे दोन्ही शब्द असले पाहिजेत, आणि प्रत्येक शब्द कोणी कोणाला सांगितला हेही.